दिलेले केस, गेलेले केस

तंजावरपासून दोन कोसांवर पुन्नैनल्लूर येथे मारियम्मनचे देऊळ आहे. तंजावरच्या मराठे राजांची या देवीवर मोठी श्रद्धा होती. तुळजाराजांच्या कन्येची गेलेली दृष्टी देवीच्या कृपेने परत आली, ही कथा आमच्याकडच्या घरांतून आजही सांगितली जाते. आवणी महिन्यातल्या रविवारी तेथे नवस फेडणाऱ्यांची दाटी होते आणि त्यांतले अनेकजण देवीला आपले केस वाहतात. या मुंडनाला तमिळमध्ये ‘मोट्टै’ म्हणतात. अशाच एका रविवारी मी तेथे एका बाजूला उभा होतो. माझ्यापुढे पंचविशीतला एक तरुण येऊन न्हाव्यासमोर मांडी घालून बसला. त्याचे केस दाट, काळेभोर आणि मानेवर रुळणारे होते. न्हाव्याने त्यांवर पाणी चोळले, वस्तरा फिरविला आणि चारपाच मिनिटांत ते सारे वैभव जमिनीवर येऊन पडले. तरुण उठला, डोक्याला ओले चंदन थापले आणि त्या गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवीत सोबत्यांकडे पाहून मनापासून हसला.

त्या क्षणी माझा हात नकळत माझ्या स्वतःच्या डोक्याकडे गेला. टाळूवरच्या विरळ जागेवर बाजूचे केस ओढून बसविण्याची सवय मला पाचसहा वर्षांपासून लागली आहे. माझ्या मनात आले, केस नसण्यात दुःख असेल तर ते या तरुणाला का नाही? आणि केस नसण्यात दुःख नसेल, तर ते मला का आहे?

यावर कोणी म्हणेल, त्याचे केस पुन्हा उगवणार आहेत, तुझे उगवणार नाहीत. एवढाच काय तो फरक. हे उत्तर खोटे नाही, पण ते अर्धेच आहे. संन्यासी जन्मभर डोके मुंडून ठेवतो आणि त्याला आपण काही गमावले असे वाटत नाही. म्हणजे परत मिळण्याच्या आशेवर हे समाधान उभे नाही. मला वाटते, खरे उत्तर व्याकरणात आहे. त्या तरुणाने केस दिले. माझे केस गेले. एका वाक्यात माणूस कर्ता आहे. दुसऱ्या वाक्यात कर्ते केस आहेत आणि माणूस त्यांच्या जाण्याचा केवळ साक्षीदार.

आमच्या घरी एक जुने छायाचित्र आहे. त्यात माझे खापरपणजोबांच्या पिढीतले बरेच नातलग ओळीने बसले आहेत आणि कोपऱ्यात, थोडी मागे, एक स्त्री उभी आहे. तिने आलवण डोईवरून कपाळापर्यंत ओढून घेतले आहे. ती माझी खापरपणजी. विसाव्या वर्षी वैधव्य आले आणि त्याच पंधरवड्यात तिचे केशवपन झाले, असे सांगतात. तिच्याविषयी घरात आणखी एकच गोष्ट सांगितली जाई, ती ही की ती फार सोशीक होती. ज्यांना कधी काही विचारले गेले नाही त्यांच्यासाठी आपल्या भाषेने हा ‘सोशीक’ शब्द राखून ठेवलेला दिसतो. आगरकरांनी ‘सुधारका’तून या चालीवर कडक टीका केली, १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच निर्धार केला की विधवांच्या डोक्याला आपण वस्तरा लावणार नाही. ही बातमी तंजावरातल्या आमच्या घरापर्यंत पोहोचली नसावी, किंवा पोहोचूनही आत घेतली गेली नसावी.

वस्तरा तोच, डोके तसेच, खाली पडणारे केसही तसेच. पण देवळातला तो तरुण हसत उठतो आणि माझी खापरपणजी पुढची चाळीस वर्षे पदराआड राहते. ही दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली की एक गोष्ट स्पष्ट होते. केसांचे मोल केसांत नाही. ते त्यांच्याविषयी आपल्याला विचारले गेले की नाही यात आहे. म्हणूनच ‘केसांत काय आहे? अक्कल डोक्याच्या आत असते’ असे आमचे एक काका मला वारंवार ऐकवतात, तेव्हा मी गप्प बसतो, पण माझे समाधान होत नाही. केसांत काही नसते तर ते काढून घेणे ही शिक्षा ठरली नसती आणि ते अर्पण करणे ही पूजा ठरली नसती.

सुश्रुताने केस गळण्याचा विकार ‘क्षुद्ररोगां’त घातला आहे. पित्त वातासह केसांच्या मुळाशी जाऊन केस गाळते आणि मग कफ व रक्त ती छिद्रे बंद करतात, अशी त्याची उपपत्ती आहे. क्षुद्र म्हणजे ज्यांचा विस्तार थोडा असे रोग. ते भोगणाऱ्याचे दुःख क्षुद्र, असा त्याचा अर्थ करण्याचे कारण नाही. लग्नाच्या वयाच्या मुलाचे छायाचित्र मुलीच्या घरून ‘वय जरा अधिक दिसते’ एवढ्या निरोपासह परत येते, त्या घरात हे दुःख किती थोडे असते हे जाऊन पाहावे. पूर्वी पगडी होती, पागोटे होते. तंजावरच्या राजवाड्यात फ्लॅक्समनने घडविलेली सरफोजीराजांची संगमरवरी उभी मूर्ती आहे. राजे हात जोडून उभे आहेत आणि मस्तकावर टोकदार शिरोभूषण आहे. त्याखाली किती केस होते हे जगाला कळण्याचे कारण नव्हते. आमच्या कचेरीत मात्र सर्वांची डोकी उघडी असतात आणि वरचा पंखा कोणाचीही गय करीत नाही.

आता हे खरे की माझे केस कोणी हिरावून नेले नाहीत. माझी तक्रार आहे, पण प्रतिवादी नाही. ही तक्रार पुष्कळ जुनी आहे. षंढांना टक्कल पडत नाही, हे हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांतही नमूद आहे. १९४२ मध्ये हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्या निरीक्षणाला पुराव्याचे बळ दिले: ज्यांची वृषणे लहानपणीच निकामी झाली त्यांना टक्कल पडत नव्हते, पण त्यांच्यापैकी ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांना पुरुषी संप्रेरक दिले की केस गळू लागत. पुढे १९७४ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकातील एका खेड्याची हकीकत प्रसिद्ध झाली. तेथील काही कुटुंबांत जन्मतः मुलीसारखी दिसणारी मुले वयात येताच पुरुष होत. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रखर संप्रेरकात रूपांतर करणारे एक विकर त्यांच्या शरीरात जन्मापासून उणे होते. हे लोक मोठे झाल्यावर त्यांची पुरःस्थ ग्रंथी लहानच राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. आपल्या टाळूवरचे केस जातात ते याच प्रखर संप्रेरकामुळे: ज्यांचा आनुवंशिक स्वभाव तसा आहे त्यांच्या केसांची मुळे त्याच्या परिणामाने हळूहळू आकसतात, केस वाढण्याचा काळ तोकडा होत जातो, आणि शेवटी जाड केसाच्या जागी डोळ्यांना न दिसणारी लव उरते. मागच्या बाजूच्या केसांना त्याची बाधा होत नाही. म्हणून म्हातारपणीही ती झालर शिल्लक राहते.

या खेड्याच्या हकीकतीतून एक औषध निघाले. तेच विकर मुद्दाम अडवावे, या कल्पनेतून तयार झालेले फिनॅस्टराइड १९९२ मध्ये अमेरिकेत पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी पाच मिलिग्रॅमच्या मात्रेत मान्य झाले आणि १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमच्या मात्रेत केसांसाठी. दुसऱ्या औषधाचा जन्म अपघाताचा. मिनॉक्सिडिल हे १९७९ मध्ये तीव्र रक्तदाबावरची गोळी म्हणून बाजारात आले. ते घेणाऱ्यांपैकी शेकडा ऐंशीजणांच्या अंगावर नको तेथे केस वाढू लागले. हा उपद्रव हव्या त्या जागी घडवून आणता येईल काय, या प्रश्नातून डोक्याला लावण्याचे औषध सिद्ध झाले आणि १९८८ मध्ये मान्यता पावले.

मी सरकारी कारकून आहे. कोणतीही खरेदी करावयाची तर आम्ही आधी आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता करतो. रकाने आखतो, आकडे भरतो आणि ज्याचा माल अटींत बसतो व दर सर्वांत कमी असतो त्याच्यापुढे खूण करतो. सवयीप्रमाणे मी औषधांचाही तक्ता केला. फिनॅस्टराइड: दिवसाला एक गोळी, रक्तातले ते संप्रेरक सुमारे शेकडा सत्तरने उतरते. १८ ते ४१ वयाच्या १५५३ पुरुषांवर झालेल्या चाचणीत एका वर्षानंतर छायाचित्रे ताडून पाहणाऱ्यांना औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ४८ जणांचे केस सुधारलेले दिसले. निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा ७ जणांचे. ड्युटॅस्टराइड: विकराचे दोन्ही प्रकार अडविते, संप्रेरक शेकडा नव्वदाहून अधिक उतरविते, केसांच्या गणतीत फिनॅस्टराइडच्या पुढे जाते, केसांसाठी त्याला दक्षिण कोरियाने २००९ मध्ये आणि जपानने २०१५ मध्ये मान्यता दिली. पण फिनॅस्टराइड शरीरातून काही तासांत ओसरू लागते, तर ड्युटॅस्टराइड निम्मे व्हायला सुमारे पाच आठवडे लागतात. शेवटच्या मात्रेनंतर सहा महिने रक्तदानही करू नये असे त्याच्या माहितीपत्रकात बजावलेले असते. मिनॉक्सिडिल: संप्रेरकाला हात लावीत नाही, मुळांना वाढीच्या अवस्थेत ठेवते, सकाळ-संध्याकाळ लावावे लागते, पहिल्या काही आठवड्यांत उलट अधिक केस गळतात आणि फळ दिसायला चार महिने तरी लागतात. तेच थोड्या मात्रेत पोटात घेण्याची रीत अलीकडे पडली आहे. पण २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधील एका चाचणीत पाच मिलिग्रॅमची गोळी डोक्याला लावण्याच्या औषधाहून सरस ठरली नाही, आणि मुळात ती रक्तदाबाची गोळी असल्यामुळे हृदयाकडे लक्ष ठेवणे आलेच. शेवटच्या रकान्यात सर्वांपुढे एकच मजकूर भरावा लागला: औषध बंद केल्यास लाभ बंद. फिनॅस्टराइडने राखलेले केस ते सोडल्यावर वर्षभरात जातात.

तक्ता सुबक झाला, पण खूण कोणापुढे करावी हे मला कळेना. कचेरीत हे कळते, कारण खरेदीपूर्वी आपल्याला काय हवे याच्या अटी आपणच लिहिलेल्या असतात. येथे तो कागदच कोरा होता. मला किती केस हवे आहेत? कोणाच्या नजरेसाठी? त्यांच्यासाठी मी काय द्यायला तयार आहे, आणि किती वर्षे? फिनॅस्टराइडच्या चाचण्यांत कामवासना मंदावणे किंवा तत्सम तक्रारी औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा ३·८ जणांना झाल्या आणि निरौषध गोळी घेणाऱ्यांपैकी शेकडा २·१ जणांना. औषध थांबविल्यावर त्या बहुतेकांच्या गेल्या, पण काहींच्या टिकून राहिल्याच्या तक्रारी पुढे आल्या. मनाची खिन्नता ही आणखी एक बाब. २०२५ मध्ये युरोपच्या औषधनियामक संस्थेने आत्मघाताचे विचार हा फिनॅस्टराइडचा दुष्परिणाम आहे असा निर्वाळा दिला. आता एका पारड्यात टाळूवरचे शंभर केस आणि दुसऱ्या पारड्यात मनाची उमेद, असे तोलायला कोणते वजन घ्यावे? आकडे शास्त्राने दिले. तराजू त्याने दिलेला नाही, आणि तो त्याच्याकडे मागणेही योग्य नव्हे.

या गावात औषधांच्या तुलनेची परंपरा आहे. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजांनी येथे ‘धन्वंतरी महाल’ स्थापन केला. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा निरनिराळ्या पद्धतींचे वैद्य एका छताखाली औषधे करीत व पारखीत. पसंतीस उतरलेले योग तमिळ पद्यांत बांधून ठेवले गेले आणि पुढे सरस्वती महाल ग्रंथालयाने ते छापले. नेत्ररोग्यांची टिपणेही या संग्रहात आहेत आणि त्यांच्याबरोबर रोगग्रस्त डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. त्या चित्रांविषयी मला नेहमी वाटते की ती काढण्यासाठी कोणीतरी त्या माणसासमोर बराच वेळ बसले असले पाहिजे. औषध पारखण्याआधी माणूस न्याहाळला गेला. आजचा तक्ता कितीतरी अधिक खात्रीचा आहे. मात्र तो करताना रोग्यासमोर बसण्याची गरज उरलेली नाही.

माझ्यासमोरही कोणी फार वेळ बसले नाही. ज्या डॉक्टरांकडे मी गेलो त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांनी डोके पाहिले, चिठ्ठी लिहिली आणि ‘रोज एक, वर्षभर’ एवढेच म्हणाले. मीही काही विचारले नाही, संकोच वाटला. औषधाच्या दुकानात सल्ला मिळाला की पाच मिलिग्रॅमची गोळी घेऊन तिचे चार तुकडे केले तर स्वस्त पडेल. मध्यमवर्गीय माणसाला काटकसर शिकवावी लागत नाही. मी रोज रात्री स्वयंपाकघरातल्या सुरीने ताटलीत गोळी चिरू लागलो आणि ताटली व सुरी विसळून जागेवर ठेवू लागलो. चौथ्या महिन्यात आरशात थोडा फरक दिसू लागला आणि त्याच सुमारास माझ्या पत्नीला दिवस गेले.

त्यानंतर एका रात्री, गोळ्यांच्या वेष्टनात घडी घालून ठेवलेले माहितीपत्रक मी प्रथमच उलगडून वाचले. गर्भवती स्त्रीने ही गोळी घेऊ नये एवढेच त्यात नव्हते. तुटलेल्या किंवा कुटलेल्या गोळीला तिने हातही लावू नये, कारण गर्भ पुरुषाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत दोष येण्याचा संभव असतो, असे त्यात लिहिले होते. अखंड गोळीवर आवरण असते. भीती तोडलेल्या गोळीची. ज्या सुरीने मी रात्री गोळी चिरीत होतो तिनेच माझी पत्नी सकाळी भाजी चिरीत होती. डोमिनिकन खेड्यातल्या त्या मुलांची हकीकत मी नंतर वाचली आणि माझ्या स्वयंपाकघरातली धूळ कोणत्या दूरच्या कथेशी जोडलेली आहे हे मला कळले.

मला त्या डॉक्टरांचा संताप आला. त्यांनी एक वाक्य बोलायचे होते. पण पुढे वाचता वाचता असे दिसले की न बोलण्याच्या बाजूनेही युक्तिवाद करता येतो. २००७ मध्ये इटलीतील डॉक्टरांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पुरःस्थ ग्रंथीसाठी फिनॅस्टराइड घेणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला कामजीवनावरील संभाव्य दुष्परिणामांची कल्पना दिली, दुसऱ्याला दिली नाही. वर्षानंतर ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकी शेकडा ४३·६ जणांनी अशा तक्रारी केल्या. ज्यांना सांगितले नव्हते त्यांच्यापैकी शेकडा १५·३ जणांनी. औषध तेच, मात्रा तीच. म्हणजे सांगणे हीच एक मात्रा झाली. मग दयाळू वैद्याने काय करावे? सत्य आणि प्रिय यांची सांगड घालणारा मनूचा श्लोक आपल्याकडे सर्वांना पाठ असतो. अप्रिय सत्य टाळण्यासाठी तो हमखास पुढे केला जातो. येथे तर सत्य नुसते अप्रिय नाही, अपायकारक आहे. ते लपविले तर कितीतरी माणसे सुखी राहतील.

हा युक्तिवाद मला कित्येक दिवस निरुत्तर करीत होता. शेवटी त्यातली खोट मला जेथे दिसली ते सांगतो. अपाय होतो तो सत्याने नव्हे, अर्ध्या सत्याने. ‘या गोळीने पुरुषत्व मंदावू शकते’ हे अर्धे सत्य आहे. ‘शंभरातल्या चारांना असे झाले, पण काहीही औषध न घेतलेल्या शंभरातल्या दोघांनाही असे झाले, भीतीनेही असे होते, आणि तरीही काहींना खरोखरच होते, तसे वाटल्यास थांबा आणि माझ्याकडे या’ हे पूर्ण सत्य आहे. अर्ध्या सत्याला एक वाक्य पुरते, पूर्ण सत्याला दहा मिनिटे लागतात. वेळ वाचविण्यासाठी वैद्य जेव्हा दहा मिनिटांऐवजी शून्य मिनिटे निवडतो आणि त्याला दया म्हणतो, तेव्हा तो रोग्याची फसवणूक करीत नसला तरी स्वतःची करतो.

आणि दुसरी खोट याहून मोठी आहे. मी डॉक्टरांकडे गेलो होतो तो केसांसाठी गेलो नव्हतो. माझ्या डोक्यावर मला न विचारता काही घडत होते. तेथे माझे काही चालावे म्हणून मी गेलो होतो. न सांगता दिलेल्या औषधाने केस कदाचित परत येतील, पण मला न विचारता माझ्यावर घडणाऱ्या गोष्टींत आणखी एका गोष्टीची भर पडेल. ज्या व्याधीचे मर्म ‘मला विचारले नाही’ हे आहे तिच्यावर ‘न विचारणे’ हा उपाय होऊ शकत नाही. नुसती मान डोलावणे म्हणजेही संमती नव्हे. आमच्याकडे न वाचता फाइलवर सही करणाऱ्याला पुढे ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. पण ज्याच्यापुढे फाइलच ठेवली नाही, त्याची सही कोणी मागू नये.

येथवर आलो तेव्हा हा लेख संपला असे मला वाटायला हवे होते. परंतु एक कबुली राहिली आहे आणि ती दिल्यावाचून वरचे सगळे लिहिण्याचा मला अधिकार नाही. माहितीपत्रक वाचले त्या रात्री मी गोळ्या फेकून दिल्या, नवी सुरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी एकटा जाऊन स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना विचारून आलो. अशा विसळलेल्या धुळीने काही होण्याचा संभव फारच थोडा, असे त्यांनी सांगितले. पत्नीला मात्र मी काहीच सांगितले नाही. ‘या अवस्थेत तिच्या जिवाला घोर कशाला?’ असे मी मनाशी म्हणत होतो. माझ्या डॉक्टरांनाही कदाचित असेच वाटले असेल. चाळीस दिवस मी गप्प राहिलो. त्या चाळीस दिवसांत मला जे उमगले ते फारसे सुखाचे नव्हते. मी तिला भीतीपासून वाचवीत नव्हतो. मी स्वतःला तिच्या नजरेपासून वाचवीत होतो. चार केसांसाठी मी काय जवळ केले, हे तिने पाहू नये एवढीच माझी धडपड होती. दयेच्या पोशाखात लाज किती सहज वावरते!

एके संध्याकाळी मी सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चाळीस दिवस तुम्ही एकट्याने काळजी केलीत. त्यातली माझ्या वाट्याची काळजी माझी होती; ती तुम्ही मला न विचारता घेतलीत.” तिने गोळीविषयी मला बोल लावला नाही. त्या घेतलेल्या वाट्याविषयी लावला.

पुढचे पाच महिने आम्ही दोघांनी मिळून काढले. धोका असेल तर तो मुलगा असेल तरच होता. आणि गर्भाचे लिंग सांगण्यास आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, ती योग्यच आहे. त्यामुळे तपासणीत सर्व ठीक दिसत असूनही शेवटपर्यंत आम्हांला पूर्ण निश्चिंत होता आले नाही. पण वाटून घेतलेली भीती निराळी असते. तिच्याशी बोलता येते. मुलगी झाली. परिचारिकेने ‘मुलगी’ म्हणून सांगताना माझ्याकडे जरा जपून पाहिले. मला किती हलके वाटले ते तिला कळणे शक्य नव्हते.

गोळी मी पुन्हा सुरू केली नाही. माझा एक सहकारी सर्व वाचून, विचारून, दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना भेटून ती घेतो. त्याचे केस चांगले आहेत आणि त्याला काही त्रास नाही. आम्हां दोघांत कोणाचे बरोबर, हा प्रश्न मला आता पडत नाही. त्याने आपल्या अटी स्वतः लिहिल्या, मी माझ्या. औषधांची तुलना तेथून पुढे सुरू होते.

त्या रविवारी मी पुन्नैनल्लूरला गेलो होतो ते मुलीचे जावळ काढण्यासाठी. तिच्या आजीचा तसा नवस होता. पत्नीच्या मांडीवर ती रडून रडून लाल झाली. दोन्ही हातांनी वस्तरा दूर लोटीत होती. तिची संमती कोणीच घेतली नव्हती, आणि ही गोष्ट मला टोचल्यावाचून राहिली नाही. ते आटोपल्यावर न्हाव्याने माझ्या डोक्याकडे एक दृष्टी टाकली आणि हसून तमिळमध्ये म्हणाला, “या साहेब, तुमचे काम थोडेच आहे.” मी बसलो. जे जाणारच आहे ते वाहणे याला अर्पण म्हणावे काय, हे मला सांगता येत नाही. देवीने तेवढे चालवून घेतले असावे. उठलो तेव्हा मुलगी रडायची थांबली होती आणि माझ्या चंदन लावलेल्या डोक्याकडे टक लावून पाहत होती. ती मोठी होईल तेव्हा तिला सगळे सांगायचे, असे आम्ही दोघांनी ठरविले आहे: वस्तऱ्याचेही आणि सुरीचेही.